गटात बसून काय होतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत आजार वेगवेगळे आहेत, पण सगळ्यांची तक्रार एकच आहे: त्रास एकाला होतो आणि एकटं पडतं सगळं घर. म्हणून औषधांचे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवून आज सोबतीविषयीच बोलू.

माझ्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, पण तो दिवसभर पडून असतो, आंघोळीलाही उठत नाही. डॉक्टरांनी आम्हाला नातेवाइकांच्या गटात जायला सांगितलंय. यांचं म्हणणं, घरातलं बाहेर कशाला न्यायचं? आणि तिथले लोकही आमच्यासारखेच गांजलेले, ते काय शिकवणार? — एक आई, सांगली

ताई, तुमच्या यजमानांची पहिली शंका रास्त आहे. मुलाचं लग्न, धाकट्या बहिणीचं लग्न, शेजारीपाजारी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. म्हणून गटात गेल्यावर पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारा: इथलं बोलणं इथेच राहतं का? त्याचं उत्तर स्पष्ट मिळालं नाही, तर तो गट सोडा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर मात्र मी ठामपणे देते. तुमच्यासारखेच असतात म्हणूनच ते शिकवू शकतात. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटला. घरच्यांनी आजार निर्माण केला असा याचा अर्थ नाही. सतत टोकणं, चिडचिड आणि अति काळजी यांचा ताण या आजारात सहन होत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसत गेलं. घरच्यांना आजार समजावून सांगितला आणि बोलण्याची वेगळी रीत शिकवली, की आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हेही दिसलं. औषध चालू ठेवून, बरं का. औषधाच्या जागी नव्हे.

आता ही रीत शिकायची कुठे? ओपीडीत डॉक्टरांच्या हाती तुमच्यासाठी फार तर दहा मिनिटं असतात. गटात तुम्ही म्हणाल, “तो आंघोळ करत नाही, रोज सकाळी भांडण होतं.” समोरची एखादी आई म्हणेल, “आमचाही नव्हता करत. मला वाटायचं आळस. तो आजाराचाच भाग आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. मग आम्ही रोजची आंघोळ सोडली, बुधवार-रविवार ठरवले. आता तो आपणहून पाणी काढतो.” हेच मी सांगितलं तर सल्ला होतो. तिनं सांगितलं की तुमच्या खांद्यावरचं ओझं हलतं, कारण तिनं ते वाहिलेलं आहे. अपंगत्वाचा दाखला कुठे मिळतो (2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो), आरोग्य विम्याचं काय करायचं, आणि रात्री झोपू न देणारा तो प्रश्न, ‘आमच्यानंतर याचं काय?’, हेही तिथेच मोकळेपणानं बोललं जातं.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था बरीच वर्षं असं काम करत आहेत. या वर्तुळात काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सांगलीच्या जवळपास गट कुठे आहे ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पहिल्या बैठकीला यजमान आले नाहीत तरी चालेल, तुम्ही एकट्या जा. वडील मंडळी बहुधा उशिरा येतात. पण एकदा आली की टिकतात, असा माझा अनुभव आहे.

माझा मित्र कोरडवाहू शेती करतो. दोन हंगाम गेले, सावकाराचं देणं आहे. हल्ली पारावर येत नाही, फोन उचलत नाही. परवा म्हणाला, “आता सगळं संपवावं वाटतं.” मी विषय बदलला. त्याला थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते भरेल का? — यवतमाळ

नाही, भरणार नाही. हा गैरसमज फार घातक आहे. विचारल्यानं आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. आधीच मनात असलेला विचार बोलून दाखवायला जागा मिळते. आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा. घोळक्यात नको, त्याला बाजूला घेऊन बसा आणि सरळ विचारा, “जीव द्यायचे विचार येतात का रे?” तो बोलू लागला की मध्ये तोडू नका. “बायकापोरांचा विचार कर” असं म्हणू नका. तो विचार करकरूनच तो या टोकाला आलेला असतो. तोडगा तुमच्याकडे नसला तरी हरकत नाही, पूर्ण ऐकून घ्या.

मग लगेच तीन गोष्टी करा. घरातली कीटकनाशकं त्याच्या घरच्यांना सांगून हलवा, शक्यतो दुसऱ्याच्या घरी कुलपात. ही सगळ्यात महत्त्वाची. हा आवेग अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळी साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. त्याला एकटं सोडू नका, रात्रीही. आणि 14416 वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून “मित्रासाठी विचारतोय” म्हणालात तरी चालतं. त्यानं वेळ किंवा मार्ग ठरवला आहे असं वाटलं, तर उद्याची वाट न पाहता सोबत बसून जिल्हा रुग्णालयात न्या. पोलिसांचं लफडं होईल म्हणून लोक कचरतात. पण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो.

सावकाराचं देणं हा प्रश्न मनाबाहेरचा आहे असं समजू नका. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या केंद्रानं ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालवला. तिथे गावातलीच माणसं तयार केली गेली. ती खचलेल्याचं ऐकून घ्यायची आणि सरकारी योजनांच्या कागदपत्रांतही मदत करायची. मला हे जोडकाम फार मोलाचं वाटतं. ज्याच्या मागे वसुली लागली आहे, त्याला नुसतं “धीर धर” सांगणं अपुरं आहे. सावकाराकडे परवाना नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे वकिलाची मदत मागता येते. पण हे त्याच्यावर सोपवू नका. तुम्ही त्याच्यासोबत जा.

नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून आला. आता आठवड्यातून चार दिवस एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो. दारू सुटली, पण मीटिंगचंच व्यसन लागलं की काय? — रत्नागिरी

जाऊ द्या त्यांना. पहिल्या वर्षात ही वारंवारता चांगली असते. एएची सुरुवात 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी झाली. शेअर बाजारात काम करणारा एक आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोखरलेले. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोललं की आजचा दिवस निभावतो, एवढंच त्यांच्या हाती लागलं होतं. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचा किंवा सरस ठरला. आणि तो फुकट आहे.

मला काळजी तुमची वाटते. इतकी वर्षं तुम्ही पैसे लपवले, सासरी खोटं बोललात, रात्री जाग्या राहिलात. त्याचं काय? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि अल-अनॉनच्या बैठका खास घरच्यांसाठीच असतात. तुम्ही तुमच्यासाठी जा.

आमचं भजनी मंडळ आहे, भिशी आहे. वेगळा गट कशाला हवा? — कोल्हापूर

रोजच्या सुखदुःखासाठी खरंच नको. दर गुरुवारी कुणीतरी आपली वाट पाहतं, ही मोठी गोष्ट आहे. उदास माणसाला घराबाहेर काढणारी ठरलेली वेळ हा उपचाराचाही भाग असतो. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून असंच काम करून घेतलं: रुग्णाला छोट्या, आवडीच्या कामांकडे पुन्हा वळवायचं. त्याचा तीव्र नैराश्यातही उपयोग झाल्याचं 2017 च्या अभ्यासात दिसलं.

पण मंडळातली बाई दोन आठवडे झोपली नाही, जेवण तुटलं, कानात आवाज येतात म्हणू लागली, तर तिला डॉक्टरकडे न्या. “बाहेरचं आहे” म्हणून कुणी अंगारा सुचवला, तर त्याला तिथेच थांबवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आम्ही चार निवृत्त शिक्षक वस्तीत असा गट सुरू करू इच्छितो. कसा करावा? — नाशिक

वाचनालयाची खोली चालेल, दवाखान्याची नको. वार आणि वेळ ठरवा आणि दोनच माणसं आली तरी बैठक रद्द करू नका. खुर्च्या गोल मांडा, टेबल नको. दीड तास पुरे. गोळी कमी करा, बंद करा, असं कुणी कुणाला सांगायचं नाही, हा नियम भिंतीवर लावा. स्वतःचा अनुभव सांगायचा, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही. शिक्षकांना हे जड जाईल, पण करा. कुणाला बोलायचं नसेल तर नुसतं बसू द्या. काही जण महिनोन्‌महिने गप्प बसतात आणि तरीही दर वेळी येतात.

फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे गटाच्या आवाक्याबाहेरचं काही आलं तर कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं असेल. बैठकीनंतर तुम्ही चौघं पंधरा मिनिटं थांबा आणि आज आपल्यापैकी कुणाला काय लागलं ते एकमेकांना सांगा. चहाचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यावेत.