वाचक विचारतात: दूध पुरत नाही, की पाजू दिलं जात नाही?

प्रश्न: बाळ तीन आठवड्यांचं आहे. संध्याकाळी सहा ते दहा सारखं अंगावर पितं, सोडलं की रडतं. छातीही आता पहिल्यासारखी जड वाटत नाही. दूध कमी पडतंय असं म्हणून रात्री एक बाटली वरचं दूध द्यायचं घरात ठरतंय. देऊ का?

उत्तर: आधी ओली दुपटी मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू आणि या वयात तीन-चार वेळा पिवळी, सैल शी होत असेल, तर दूध पोटात जातंय. दुसरा पुरावा वजनाचा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, 10 ते 14 दिवसांत भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढतं. मात्र दर वेळी काटा तोच हवा आणि बाळाच्या अंगावर कपडे नकोत, नाहीतर एका लंगोटाच्या फरकावरून घरभर काळजी पसरते.

रडणं, छातीचा जडपणा आणि पंपातून किती निघालं, या तिन्हींवरून दुधाचा अंदाज बांधू नका. सुरुवातीला छाती गरजेपेक्षा जास्त भरते. दोन-तीन आठवड्यांनी तिला बाळाची गरज कळते आणि ती मऊ पडते. दूध आटल्याची ती खूण नाही. संध्याकाळी तास-तासभर चिकटून पिणंही या वयात नेहमीचं आहे. दिवसभरात 8 ते 12 वेळा पाजणं हे प्रमाणच आहे.

बाटलीचा धोका कुठे आहे ते पाहा. दूध जितकं बाहेर जातं तितकं नवं बनतं. छाती भरलेली राहिली की आतूनच ‘आता पुरे’ असा संदेश जातो आणि काम मंदावतं. त्यात दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणजे बरोबर रात्रीचंच पाजणं चुकवायचं, दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी उतरणार, बाळ कुरकुरणार, मग बाटल्या दोन होणार. महिन्याभरात सगळे म्हणतात, ‘बघा, दूध नव्हतंच.’ दूध होतं, त्याला मागणी राहिली नाही.

शू कमी आणि गडद होत असेल, दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन भरून आलं नसेल, किंवा बाळ इतकं सुस्त असेल की पाजायलाही उठत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी वरचं दूध द्यावं लागलं तर जरूर द्या, पण दर बाटलीमागे एकदा दूध काढा, म्हणजे मागणी तुटत नाही.

प्रश्न: पाजताना डोळ्यांत पाणी येतं. स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत. सवय होईल असं सगळे सांगतात.

उत्तर: सुरुवातीच्या दिवसांत पहिले काही सेकंद ओढल्यासारखं वाटू शकतं. त्यापुढे दुखत असेल तर बाळाची पकड चुकते आहे. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लावा. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. स्तनाग्रासमोर त्याचं नाक आणा, तोंड नव्हे. वरच्या ओठाला स्तनाग्र हलकेच लावा आणि जांभईएवढा मोठा ‘आ’ होईपर्यंत थांबा. मग छाती बाळाकडे न वाकवता बाळाला छातीकडे आणा. हात मानेखाली आणि खांद्यांमागे ठेवा. डोकं मागून दाबलं की बाळ उलट ताठतं.

पकड जमली की हनुवटी छातीत रुतते, नाक मोकळं राहतं, खालचा ओठ बाहेर वळतो आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसतो. गाल फुगीर दिसतात आणि गिळल्याचा आवाज येतो. गाल आत जात असतील, ‘टक् टक्’ आवाज येत असेल किंवा सोडल्यावर स्तनाग्र चपटं, तिरकं दिसत असेल, तर ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. एकाच वेळी पाच वेळा करावं लागलं तरी चालेल. पकड सुधारली की चिरा बहुधा भरून येतात; तोवर पाजून झाल्यावर थोडं दूधच चोळून वाळू द्या. आठवडाभरात फरक नसेल तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते तपासून घ्या.

प्रश्न: सूनबाई चार महिन्यांच्या नातवाला पाण्याचा थेंबही देत नाही. उन्हाळ्यात तरी द्यायला नको का?

उत्तर: नको, आजी. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. वरून पाणी पाजलं की इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि जंतूंची भीती वाढते ती वेगळीच. उकाडा असेल तर नातवाला जास्त वेळा पाजू द्या आणि पाण्याचा पेला सुनेच्या हाताशी ठेवा. सहा महिने फक्त दूध, मग वरचं अन्न आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अंगावरचं दूध, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

प्रश्न: एका बाजूला लाल, दुखरी गाठ आली आहे, अंगात कसकस आहे. ते दूध बाळाला चालेल?

उत्तर: चालेल, आणि पाजणं थांबवूही नका. गाठ फोडायची म्हणून जोरात मालिश करणं किंवा पंपाने छाती पूर्ण रिकामी करत बसणं, हे दोन्ही टाळा. मालिशने आतली सूज वाढते आणि जादा काढलं की जादा बनतं. बाळ मागेल तितकंच पाजा. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 20 मिनिटं ठेवा. कपडे सैल घाला. पॅरासिटामॉल या काळात चालतं. 24 तासांत उतार नसेल किंवा ताप चढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाजतानाही चालतील अशी प्रतिजैविकं आहेत.

प्रश्न: चौथ्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं आहे. नऊ तास बाहेर असेन. किती दूध साठवू?

उत्तर: एक ते सहा महिन्यांच्या बाळाला तासाला साधारण 30 ते 45 मिली दूध लागतं, म्हणजे नऊ तासांना 270 ते 400 मिली. फ्रीजर भरायची गरज नाही. पहिल्या दिवसापुरतं आणि थोडं शिलकीत असलं की पुरे. पुढे आज कामावर काढलेलं उद्या बाळाला. रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे रोज सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढा. पहिल्या दिवशी 20-30 मिली निघालं तर निराश होऊ नका, ते बाळाचं पोट भरल्यानंतरचं आहे.

कामावर दर तीन तासांनी, दोन्ही बाजू मिळून 15 ते 20 मिनिटं लागतात. दूध 60 ते 100 मिलीच्या डब्यांत भरा आणि तारीख लिहा. गोठवायचं असेल तर वर थोडी जागा सोडा, दूध गोठताना फुगतं. खोलीत 25 अंशांपर्यंत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने टिकतं. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे गारवा सारखा बदलतो. वितळलेलं 24 तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं तापतं. साय वर आली किंवा साबणासारखा वास आला म्हणून ओतून देऊ नका, नासलेलं दूध आंबट लागतं. बाळाचं उष्टं मात्र दोन तासांनंतर टाकूनच द्या.

बाळाला सांभाळणाऱ्यांना सांगा, बाटली आडवी धरून, मधे मधे थांबत पाजा. घटाघटा ओतली तर बाळ जास्त पितं आणि घरी पुन्हा ‘दूध पुरत नाही’ची चर्चा सुरू होते.

प्रश्न: आमच्याकडे तीसेक कर्मचारी आहेत. एक जण बाळंतपणानंतर परत येते आहे. आम्ही काय सोय करावी?

उत्तर: दूध काढायला आतून कडी लागणारी छोटी खोली, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, छोटं टेबल, विजेचं बटण आणि जवळ हात धुवायची जागा. फ्रीजमध्ये एक कप्पा. स्वच्छतागृह ही सोय नव्हे. कुणाचंही जेवण तिथे तयार होत नाही. खोलीपेक्षा वेळ जास्त महत्त्वाचा आणि गाडी अडते तीही तिथेच. दाराला कडी आहे, पण बैठक तिच्या वेळेवरच ठेवलेली, असं झालं की ती एक वेळ चुकवते. छाती ठणकते, गाठ येते, दूध कमी होतं. म्हणून दिनदर्शिकेत तिच्या वेळा आधीच राखून ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात पाजण्याची रोजची सुट्टी कामाचाच वेळ धरून तिचे पैसे द्यावेत असं म्हटलं आहे. शिवाय पहिल्या महिन्यांत पाजलेल्या बाळांना जुलाब, छातीचे आणि कानाचे संसर्ग कमी होतात, म्हणजे आईच्या रजाही कमी. तिला स्वतःलाही फायदा आहे: 30 देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी 2002 साली झाली, त्यात पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी आढळला.

प्रश्न: बाळ बघायला जाताना पावडरच्या दुधाचा डबा न्यावा का? अडीनडीला उपयोगी पडेल.

उत्तर: नको. रात्री तीन वाजता रडतं बाळ आणि समोर डबा असला की तो उघडला जातोच. पुढचं पहिल्या उत्तरात आलंच आहे. जागतिक आरोग्य सभेने 1981 साली केलेल्या संहितेत कंपन्यांनी आयांना फुकट नमुने देऊ नयेत असं कलम आहे, तेही याचसाठी. ज्या घरी डॉक्टरांनी पावडर सांगितली असेल तिथे ती आधीच आणलेली असते. तुम्ही शिजवलेलं जेवण न्या, भांडी घासून या, आणि मोठं भावंड असेल तर त्याला तासभर बाहेर फिरवून आणा. ती पाजायला बसली तर उठून बाहेर जायची किंवा तिला आत पाठवायची घाई करू नका. बोलणं चालू होतं तसंच चालू ठेवा.