अमेरिकेत निवडणूक आली की उजवे भाष्यकार माध्यमांवरच का तुटून पडतात? त्यात तथ्य किती आणि धंदा किती?

यूट्यूबवर अमेरिकेतल्या उजव्या मंडळींचे कार्यक्रम पाहिले की समोरच्या उमेदवारापेक्षा सीएनएन आणि न्यूयॉर्क टाइम्सचाच जास्त उद्धार चाललेला दिसतो, हे काय गौडबंगाल आहे, असं तुम्ही विचारलंय. मी ओहायोत राहतो, कामावर जाता-येता गाडीत हीच मंडळी ऐकतो, आणि कर, सरकारी खर्च वगैरे बाबतीत माझा कलही त्यांच्याकडेच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही हिशेबात धराल. माझ्या मते तक्रार बरीचशी खरी आहे. पण त्या तक्रारीवर जे दुकान उभं राहिलं, त्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं ते उजव्यांचंच.

दुखणं जुनं आहे. 1964 मध्ये बॅरी गोल्डवॉटर हे उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्या वर्षी 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने देशभरच्या मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्नपत्रिका पाठवली आणि हजाराहून जास्त डॉक्टरांच्या मते हा गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या लायक नाही, असं छापून टाकलं. तपासलं कोणी? कोणीच नाही. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण मासिकावरचा खटला जिंकले. न तपासलेल्या माणसाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांनी जाहीर निदान करू नये, हा तिथला नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पक्ष-अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सनसनाटी स्तंभलेखकांवर एक वाक्य टाकलं, तर प्रतिनिधी उठून पत्रकारांच्या सज्जाकडे मुठी नाचवायला लागले. म्हणजे ट्रम्प यांच्या सभेत आज कॅमेऱ्यांकडे बोट दाखवून जी हुर्यो उडवली जाते, तिला साठ वर्षांची परंपरा आहे.

मग 1987 आलं. तोवर रेडिओ-टीव्हीला वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन होतं, ते दूरसंचार आयोगाने काढून टाकलं. संगीत एफएमवर गेल्यामुळे एएम स्टेशनं माशा मारत बसली होती. 1988 च्या ऑगस्टमध्ये रश लिंबॉ या उजव्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि या स्टेशनांना दुपारचे तीन तास भरून देणारा माणूस मिळाला. पाहुणे जवळपास नाहीतच, तो एकटा बोलणार, मधूनमधून श्रोत्यांचे फोन. राजकारणाशी तुमचं पटो न पटो, बोलण्याची लय अशी की गाडी पार्क करूनही माणूस उतरायचा नाही. 1994 मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी त्याला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं. दोन वर्षांनी फॉक्स न्यूज ही उजव्या कलाची वाहिनी आली.

आता तथ्याचं बघू. सिरॅक्यूस विद्यापीठाच्या 2022 च्या पाहणीत स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे पत्रकार 3.4 टक्के निघाले आणि डेमोक्रॅट सुमारे 36 टक्के. बाकीचे बहुतेक स्वतःला अपक्ष म्हणवतात. कोणी बंद खोलीत बसून कट करतं असं मला वाटत नाही. सगळे त्याच चार-पाच शहरांत राहणारे, तशाच कॉलेजांतून आलेले, एकमेकांच्याच पार्ट्यांना जाणारे. आपल्या मताच्या विरोधातली बातमी असली की शंका आपोआप येते आणि सोयीची असली की येत नाही, एवढंच पुरतं.

2004 चं उदाहरण मला फार आवडतं. निवडणुकीला दोन महिने उरले असताना, 8 सप्टेंबरला, सीबीएस वाहिनीवर अँकर डॅन रादर यांनी काही मेमो दाखवले. धाकट्या बुश यांनी तरुणपणी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैनिकी दलात, नोकरीत कसूर केली असं त्यांत होतं. तारखा 1972-73 च्या. रात्र सरायच्या आत इंटरनेटवर लोकांनी त्या कागदांचा कीस काढायला घेतला. त्या काळच्या साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळायची, 'आय' असो की 'एम'. इथे मात्र अक्षरागणिक जागा कमीजास्त होती. शिवाय आकड्यापुढचं 'टीएच' बारीक होऊन वर चढलेलं. एका ब्लॉगवाल्याने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये काहीही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मेमोवर ठेवून पाहिला, तर ओळी जिथल्या तिथे जुळल्या. बारा दिवसांनी सीबीएसने माफी मागितली. पुढच्या मार्चमध्ये रादर यांनी अँकरची खुर्ची सोडली. पक्षपाताच्या नावाने गळा काढत बसण्याऐवजी कागद हातात घेऊन तपासले, म्हणून हे जमलं.

2020 मध्ये जो बायडन उमेदवार असताना त्यांच्या मुलाच्या, हंटरच्या, लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमीही त्याच जातीची. न्यूयॉर्क पोस्टने ती 14 ऑक्टोबरला छापली तर ट्विटरने लिंकच अडवली, खासगी मेसेजमध्येसुद्धा पाठवता येईना. गुप्तचर खात्यांतल्या 51 माजी अधिकाऱ्यांनी पत्र काढून यात रशियन कारवाईच्या खुणा दिसतात असं म्हटलं. 2022 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टने त्यातल्या बऱ्याच ईमेल अस्सल असल्याचं सांगितलं, पण तोवर निवडणूक होऊन दीड वर्ष झालं होतं. (आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे. त्या ऑक्टोबरात ती कोणी पाळली नाही.)

आता दुसरी बाजू, आणि माझा खरा मुद्दा इथे आहे. 2012 ची निवडणुकीची रात्र. मोजणी पुरी व्हायच्या आधीच कुठलं राज्य कोणी जिंकलं याचा अंदाज जाहीर करणारा आकडेतज्ज्ञांचा निकाल-कक्ष प्रत्येक वाहिनीत असतो. फॉक्सच्या निकाल-कक्षाने ओहायो ओबामांना दिलं, म्हणजे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांचा खेळ खल्लास. स्टुडिओत बसलेले धाकट्या बुश यांचे जुने रणनीतीकार कार्ल रोव्ह ऐकेनात. अमुक काउंटीची मतं यायची आहेत, घाई होतेय, असं सुरू. फॉक्सच्या निवेदिका मेगन केली यांनी त्यांना तोंडावर विचारलं की हे गणित तुम्ही रिपब्लिकन म्हणून स्वतःला बरं वाटावं म्हणून मांडताय, की ते खरं आहे? मग त्या उठल्या, कॅमेरा मागे घेऊन बोळातून चालत थेट निकाल-कक्षात गेल्या. तिथल्या आर्नन मिश्किन यांनी शांतपणे सांगितलं, 99.95 टक्के खात्री आहे. ओहायो ओबामांकडेच गेलं. त्या आठवड्यात इथे माझ्या ओळखीतले कितीतरी लोक अक्षरशः चक्रावले होते, कारण रॉम्नी आरामात येणार हेच त्यांनी महिनाभर ऐकलं होतं. जनमत चाचण्या खोट्या, मीडिया खोटा, आपलेच तेवढे खरे.

2020 मध्ये तेच मिश्किन, तोच कक्ष. रात्री साडेअकराच्या आत त्यांनी ॲरिझोना बायडन यांना दिलं, इतर वाहिन्यांच्या कितीतरी आधी. शेवटी फरक 10,457 मतांचा निघाला, पण निकाल बरोबर होता. या वेळी प्रेक्षक चिडले आणि न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळू लागले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याच्या कथा फॉक्सवर झळकू लागल्या. पुढे ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्सवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यात निवेदकांचे आपापसांतले मेसेज बाहेर आले, तेव्हा पोटात एक आणि ओठात एक हा प्रकार उघडा पडला. ट्रम्प यांचा दावा तपासून खोडणाऱ्या आपल्याच वार्ताहराला काढून टाका, शेअरचा भाव पडतोय, असं फॉक्सचे निवेदक टकर कार्लसन यांनी लिहिलं होतं. एप्रिल 2023 मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर मोजून तडजोड केली. ॲरिझोनाचा निकाल उघडपणे उचलून धरणारे राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी त्याआधीच, जानेवारी 2021 मध्ये, गेली होती.

डावीकडे असं होत नाही असं नाही. बायडन यांच्या वयाबद्दल 27 जून 2024 च्या ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादसभेपर्यंत किती जणांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. उजवे भाष्यकार ते वर्षभर ओरडून सांगत होते आणि त्या बाबतीत त्यांचंच बरोबर निघालं.

भारतात बसून कोणाला ऐकावं, हेही तुम्ही विचारलंय. वॉल स्ट्रीट जर्नलची संपादकीय पानं आणि नॅशनल रिव्ह्यू हे उजव्यांचं जुनं नियतकालिक वाचा. 2016 च्या जानेवारीत ट्रम्प यांच्या विरोधात अख्खा अंक काढायची हिंमत नॅशनल रिव्ह्यूने दाखवली होती, आणि त्याची किंमतही मोजली. फॉक्स सोडून बाहेर पडलेल्यांचं 'द डिस्पॅच' हे संकेतस्थळ आहे. पॉडकास्टवाले बेन शापिरो ऐकायला हरकत नाही, पण वेग कमी करून ऐका, एका दमात चार मुद्दे जातात आणि त्यातला तिसरा बहुधा लंगडा असतो. आणि निकालाच्या रात्री फॉक्स लावलंत तर स्टुडिओतल्या टेबलाभोवतीची चर्चा आवाज बंद करून पाहिली तरी चालेल, निकाल-कक्षाची घोषणा आली की तेवढा आवाज वाढवा.