दोन रबरं एकमेकांना धरत का नाहीत?

प्रश्न: सर, आमचं भोसरीला छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे. मशीनखाली बसवायचे पॅड करतो, वरचा थर नायट्राइलचा कारण ऑइल पडतं, खालचा नॅचरलचा कुशनसाठी. दोन्ही शीट कच्च्याच ठेवून 150 डिग्रीला प्रेस करतो तरी हाताने ओढलं की थर सोलून निघतो. टेम्परेचर 170 केलं, प्रेशर वाढवलं, काही फरक नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी टेम्परेचर परत 150 वर आणा दादा. 170 ला नॅचरल रबर जास्त वेळ राहिलं की त्याच्या लांब साखळ्यांना (रेणूंना) जोडणारे सल्फरचे पूल तुटायला लागतात आणि रबर परत मऊ पडतं, रिव्हर्जन म्हणतात त्याला, म्हणजे जोड तर लागत नाहीच वर कुशनही जातं.

प्रेसमध्ये दाबाचं काम एवढंच की हवा निघून दोन थर अंगाला अंग लागावेत. उष्णतेने सल्फर रबराच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतो, आणि ते पूल सांध्याच्या आरपार गेले तरच जोड पक्का. त्यासाठी दोन्हीकडच्या साखळ्या आधी एकमेकांत थोड्या शिरायला लागतात आणि तुमची जोडी नेमकी इथेच अवघड आहे, नायट्राइल पोलर (रेणूत विजेच्या भाराची टोकं असलेलं), नॅचरल नॉन-पोलर (तशी टोकं नसलेलं), दोघं मिसळायला तयार नसतात. शिवाय बरेचसे अॅक्सिलरेटर, म्हणजे सल्फरचं काम वेगाने करवणारी रसायनं, नायट्राइलमध्ये जास्त विरघळतात, ते सांध्यातून तिकडे सरकतात आणि नॅचरलची बाजू सांध्यापाशीच अर्धी कच्ची राहते.

ट्यूबलेस टायरचंच बघा ना. आतला हवा धरणारा थर ब्युटिल रबराच्या जातीचा, बाकीचा टायर मुख्यतः नॅचरल, एसबीआर (एक कृत्रिम रबर) वगैरे. साधं ब्युटिल त्यांना नीट धरत नाही, म्हणून तिथे क्लोरीन किंवा ब्रोमिन जोडलेलं ब्युटिल वापरतात. कितीही दाबलं असतं तरी जमलं नसतं, रबरच बदलावं लागलं.

तुम्ही काय करा, मिलवर (रबर मळायच्या रोलर मशीनवर) दोन्ही रबरं निम्मी-निम्मी मिसळून अर्ध्या मिलिमीटरची पातळ शीट काढा आणि मधे घाला, तो थर दोघांनाही ओळखतो. नायट्राइल कमी अॅक्रिलोनायट्राइलवालं (त्याला पोलर करणारा घटक कमी असलेलं) घेतलं तर नॅचरलच्या आणखी जवळ येतं, फक्त ऑइल सोसायची ताकद थोडी कमी होते, ते गिऱ्हाइकाला आधी सांगा. आणि रिओमीटरवर (रबर कसं शिजतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही कंपाउंडचा स्कॉर्च टाइम, म्हणजे शिजायला सुरुवात व्हायला लागणारा वेळ, शेजारी ठेवून बघाच, कारण एक थर आधी क्युअर झाला (शिजून पक्का झाला) की दुसऱ्याला आत शिरायला जागाच उरत नाही. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बाकीच्या निम्म्या घाणीच्या. शीट चार दिवस पडून राहिली की सल्फर वर फुलून येतो, वर शंखजिऱ्याची पूड, शिवाय शेजारच्या मोल्डवर मारलेला सिलिकॉन स्प्रे उडून बसतो. ताजी शीट घ्या, टोल्युइनने पुसा, पूर्ण वाळू द्या (पंखा लावा, जवळ आग नको), मगच थर लावा. प्रेस मिटून दाब आला की लगेच दोन-तीनदा किंचित उघडून हवा सोडा.

मग एक इंच रुंद पट्टी कापून पक्कडीने ओढा. सांधा गुळगुळीत सुटला तर अजून जोड लागलेला नाही. रबरच फाटलं आणि नायट्राइलवर नॅचरलचे तुकडे चिकटून आले, तर माल बिनधास्त पाठवा.