सिग्नलला इंजिनच्या तापमानाचा काटा वर, रस्त्यावर खाली? आधी फॅन बघ

भावा, गाडी थांबली की तापते, काय करू विचारलंस; घाबरू नकोस, इंजिन लगेच उघडायचं नाही. सोलापुरात सात रस्त्याला थांबलास की काटा चढतो आणि होटगी रोडला गाडी पळाली की उतरतो, म्हणजे पहिला संशय रेडिएटर (इंजिनचं गरम पाणी गार करणारी जाळी) फॅनवर. पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फॅनच वाचवतो. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच, त्याची गरम हवा मागे येते.

सकाळी गार गाडीत एवढंच कर:

- कूलंटची (रेडिएटरमधल्या गार करणाऱ्या द्रवाची) पातळी बघ.
- गाडी चालू करून एसी लाव. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाहीच फिरला तर फ्यूज, मग रिले (फॅनला वीज देणारा स्विच) बघ. फॅनपासून हात लांब ठेव!
- रेडिएटरच्या जाळीतली धूळ, किडे हलक्या पाण्याने धू. प्रेशर मारलास तर फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) वाकतात.

नवे लोक दोन चुका हमखास करतात. गरम असतानाच रेडिएटरची कॅप उघडतात; हात भाजतो, मीही भाजून घेतलाय. आणि बोअरचं पाणी ओततात, त्याचा क्षार आत बसतो. थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाक म्हणणारेही भेटतील, ऐकू नकोस.

वॉटर पंप, हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) नंतर बघू. काटा लालकडे गेला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. फॅन फिरतोय का, ते आधी कळव.