उबुंटूवर बसून विंडोजचा स्क्रीन रीडर तपासता येतो का?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेसाठी क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांची ॲप्स बनवायचं टूलकिट) छोटं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितोय. माझा लॅपटॉप उबुंटूचा, ८ जीबी रॅम, त्यावर ओर्का हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) सगळं नीट वाचतो. पण ज्या ताई ते वापरणार त्यांना दिसत नाही आणि त्या विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतच चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) टेस्ट केलं तर चालेल, की दुसरा लॅपटॉप घ्यावाच लागेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर: लॅपटॉप घेऊ नका, बहुतेक काम होऊन जाईल. ओर्का वाचतो म्हणून एनव्हीडीए वाचेलच असं मात्र धरून चालू नका, कारण कुठलं बटण, त्याचं नाव काय ही माहिती लिनक्सवर (म्हणजे उबुंटूवर) स्क्रीन रीडरकडे एटी-एसपीआय नावाच्या वाटेने जाते आणि विंडोजवर यूआय ऑटोमेशनसारख्या वेगळ्याच वाटेने, मधे क्यूटी भाषांतर करत बसतं आणि तिथेच गोष्टी गळतात.

व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका, विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची ट्रायल मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते, एनव्हीडीए तर फुकटच आहे. विंडोजला ४ जीबी रॅम द्या, आणि तेवढा वेळ ब्राउझर बंद ठेवा बरं का, नाहीतर सगळंच रडत चालेल. सगळं बसवून झालं की स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत) घ्या, काही बिघडलं तर लगेच मागे जाता येतं.

टेस्ट करताना उबुंटूवरचा ओर्का बंद करा, कारण दोघांनाही आज्ञांसाठी इन्सर्ट कीच लागते आणि मग कोण बोलतंय तेच कळत नाही. एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, तो बोललेलं सगळं लिहून दाखवतो, बग शोधायला झकास, पण नुसतं तेच वाचून पास करू नका. स्क्रीन काळी करा, माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कीने फिरत एक पावती भरून बघा. नुसत्या चित्राच्या बटणावर एनव्हीडीए फक्त ‘बटन’ म्हणाला तर कोडमध्ये सेटॲक्सेसिबलनेम (स्क्रीन रीडरसाठी नाव देणारं क्यूटीचं फंक्शन) राहिलंय. लेबलं मराठीत असतील तर एनव्हीडीएमध्ये ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनाचा मराठी आवाज निवडा, इंग्रजी आवाजाच्या भरवशावर देवनागरी तपासू नका.

आवाज उशिरा किंवा तुटक आला तर तो बहुतेक व्हर्च्युअल मशीनचा दोष, तुमच्या कोडला लगेच शिव्या नकोत. म्हणूनच वेगाचा निकाल मात्र ताईंच्या खऱ्या कॉम्प्युटरवरच लावा, त्या ज्या स्पीडला ऐकतात त्याच स्पीडला.

मॅकचं विचारलं नाहीत, पण उद्या कुणीतरी मागेलच. मॅकओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची परवानगी ॲपल फक्त स्वतःच्याच मशीनवर देतं, त्यामुळे उबुंटूवर तो खटाटोप नको, कुणाचा तरी मॅक थोडा वेळ मागून घ्या, व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर त्यात आधीपासूनच असतो.