वकिलाला द्यायला पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे की नुसती सवलत?

हक्कच आहे, आणि फौजदारी खटल्यातल्या आरोपीसाठी तर मूलभूत हक्क. लोक सहसा फक्त संविधानाचं कलम ३९क (मोफत कायदेशीर मदत) सांगतात. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते आलं खरं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. एकट्या त्याच्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. त्याला दात आले ते कलम २१ मुळे, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कामुळे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) आणि हुसैनारा खातून (१९७९) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानला. सुक दास प्रकरणात (१९८६) तर आरोपीने वकील मागितलाच नव्हता, तरी शिक्षा रद्द झाली, कारण असा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच.

प्रत्यक्षात मदत मिळते ती विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली. कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आहे, आणि तिचा आकडा राज्यागणिक बदलतो. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करा, किंवा १५१०० वर फोन करा.

एक मात्र लक्षात ठेवा: दिवाणी दाव्यात सरसकट वकील मिळेल असं नाही. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तुमच्या प्रकरणात सकृतदर्शनी तथ्य आहे असं प्राधिकरणाला वाटावं लागतं.