व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) पाठवून अ‍ॅपची चाचणी घेतली तर चालते का?

चालते. मीही तेच केलं होतं, म्हणूनच नको म्हणतोय.

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅप तयार आहे, तीस-चाळीस ओळखीच्या लोकांना वापरायला द्यायचंय, त्यात पाच-सहा आयफोनवाले आहेत आणि स्टोअरच्या भानगडीत इतक्यात पडायचं नाहीये. भानगड टळत नाही हो. पुढे ढकललीत तर व्याजासकट येते.

माझं अ‍ॅप गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी होतं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवायचं आणि दहा दिवसांनी बिल काढायचं. नऊ डेअऱ्यांच्या सेक्रेटरींचा ग्रुप केला आणि एपीके टाकली. अनोळखी अ‍ॅपला परवानगी कुठून द्यायची हे फोनवर समजावण्यात पहिला दिवस गेला. प्ले प्रोटेक्टचा (फोनमधल्या गुगलच्या सुरक्षा तपासणीचा) इशारा बघून एकाने "व्हायरस नाही ना टाकला?" असंही विचारलं. इथवर ठीक होतं. पण महिन्याभरात मी सहा एपीके पाठवल्या, आणि त्या सगळ्या ग्रुपवर तशाच पडून. एका सेक्रेटरींनी कळवलं, गाईच्या दुधाला म्हशीचा दर लागतोय. दोन रात्री कोड उपसला, काही सापडेना. शेवटी कळलं की त्यांच्या फोनमध्ये सहांपैकी दुसऱ्या क्रमांकाची एपीके होती; ती चूक मी चौथीतच काढली होती.

खरा फटका पुढे बसला. अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवलं आणि सगळ्यांना म्हटलं, आता तिथून घ्या. एकाच्याही फोनवर बसेना. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. मी पाठवलेल्या एपीकेवर माझ्या लॅपटॉपमधली डीबग की (चाचणीपुरती आपोआप बनणारी सही) होती, प्लेवरून येणाऱ्यावर गुगलकडे ठेवलेली वेगळी. नाव तेच पण सही वेगळी असेल तर अँड्रॉइड जुन्यावर नवं चढवू देत नाही. जुनं काढून टाका, मग नवं घ्या. आणि जुनं काढलं की त्यातला डेटाही गेला. माझ्या अ‍ॅपमध्ये तेव्हा बॅकअप नव्हता. बिलाच्या आदल्या दिवशी नऊ दिवसांच्या नोंदी गेल्या. नशीब, माझ्यावर पुरता विश्वास नसल्यामुळे त्यांनी वही बंद केलेली नव्हती.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्ले कन्सोलमधूनच, म्हणजे प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्यातूनच द्या. खात्याचे एकदाच २५ डॉलर लागतात. 'इंटर्नल टेस्टिंग'मध्ये १०० जणांपर्यंत ईमेल टाकता येतात आणि नवी आवृत्ती बहुधा काही मिनिटांत पोचते. फोनवर अपडेट नेहमीच्या अ‍ॅपसारखं आपोआप येतं, त्यामुळे "कोणती एपीके टाकू?" हा प्रश्नच उरत नाही.

पण तुमचं खातं वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल, तर एक नियम आधीच लक्षात घ्या. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी 'क्लोज्ड टेस्टिंग' या पुढच्या टप्प्यात किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४मध्ये कमी केला. इंटर्नलमधले लोक यात धरत नाहीत. तुमच्याकडे तीस-चाळीस जण आहेतच, तर त्यांना सरळ क्लोज्डमध्ये घ्या. बरोबर बाराच घेऊ नका. कोणीतरी फोन बदलतो, कोणीतरी मध्येच बाहेर पडतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगू? जीमेलमध्ये. यादीत जो पत्ता आहे त्याच खात्याने लिंक उघडून होकार द्यावा लागतो, आणि प्ले स्टोअरही त्याच खात्यावर असावं लागतं. आमच्याकडे निम्म्या लोकांचं जीमेल फोनच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेलं, पत्ता कुणालाच ठाऊक नाही. "अ‍ॅप सापडत नाही" असा फोन आला की मी आधी म्हणतो, प्ले स्टोअर उघडा, वरचा गोल फोटो दाबा, तिथे काय लिहिलंय ते वाचा.

आयफोनला टेस्टफ्लाइट, म्हणजे चाचणीचं अ‍ॅप लोकांना देण्याची अ‍ॅपलची सोय. अ‍ॅपलच्या डेव्हलपर सदस्यत्वाचे वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात, तिथे इलाज नाही. तुमच्या टीमबाहेरचे १०,००० लोक चालतात, त्यांच्यासाठीच्या पहिल्या बिल्डची (चढवलेल्या आवृत्तीची) अ‍ॅपल तपासणी करतं. पब्लिक लिंक काढली की ईमेल गोळा करायलाही नको. फक्त बिल्ड ९० दिवसांत मुदतबाह्य होते, त्याआधी नवी चढवा. (गंमत म्हणजे टेस्टफ्लाइट आधी अ‍ॅपलचं नव्हतंच आणि अँड्रॉइडवरही चालायचं, २०१४मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी घेतली आणि अँड्रॉइडचं दार बंद झालं.) प्रत्येक फोनचा यूडीआयडी (त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागून 'अ‍ॅड हॉक' बिल्ड देण्याचा जुना रस्ताही आहे, वर्षाला १०० आयफोनपर्यंत. पाच जणांसाठीसुद्धा त्या वाटेला जाऊ नका.

कोणीतरी फायरबेस अ‍ॅप डिस्ट्रिब्यूशन (चाचणीची आवृत्ती थेट फोनवर पोचवणारी गुगलची सेवा) सुचवेलच. चांगलं आहे, पण ऑफिसातल्या टीमसाठी. आयफोनवर बहुतेकदा यूडीआयडी तिथेही लागतोच, आणि अँड्रॉइडवर सहीचा माझ्यासारखाच घोळ होऊ शकतो.

आणि काही झालं तरी पहिल्याच पडद्यावर आवृत्तीचा आकडा ठळक अक्षरात टाका. आमचे सेक्रेटरी आता तक्रारीचा फोन करतात तेव्हा नमस्काराच्या आधी तो आकडा सांगतात.